खारा कापूस

वेचणी लागली, की उन्हं वर येईपर्यंत कापसाला कोणी हात लावत नाही. बोंडावर दव असतं. बाया कापूस भरायच्या ओट्या कंबरेला खोचून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून राहतात, एकमेकींच्या सुनांचं काढतात, जावयांचं काढतात, आणि दव उडालं की एकेक ओळ धरून वावरात शिरतात. माझी कंबर आता वाकत नाही. तरी मी धुऱ्यावर जाऊन बसतो. कोणी बोलावत नाही, पण वावर माझं आहे.

पहिली ओटी रिकामी झाली, की मी त्यातलं एक पुंजकं उचलतो आणि जिभेवर ठेवतो. सून तोंडाला पदर लावते. नात शाळेत जाते, ती सरळ विचारते, "आबा, कापूस काय खायाची वस्तू हाये का?"

"तुले काय करायचं?" मी म्हणतो.

सांगायला बसलो तर फार मागं जावं लागतं. आणि ज्यांनी समुद्र पाहिला नाही, त्यांना समुद्र म्हणजे आपल्या पूर्णेला पूर आल्यावर दिसते तेवढंच पाणी वाटतं. म्हणून लिहून ठेवतो. माझी शाळा तिसरीत सुटली. कुठं वेलांटी चुकली असेल तर वाचणाऱ्यानं आपल्या हातानं दुरुस्त करून घ्यावी, मला सांगायला येऊ नये.

या दिवसांत आमच्या मधल्या खोलीत कापूस भरतात. आढ्यापर्यंत. दार लोटून आत गेलं, की बाहेरचा आवाज तिथल्या तिथं बंद होतो. बैलाच्या गळ्यातली घंटा नाही, चक्की नाही, पोरं नाहीत. ऊब असते, आणि सरकीचा तेलकट, गोडसर वास. लहानपणी या खोलीत उड्या मारायला मिळाव्यात म्हणून पोरं जीव टाकत. मी मारत नसे. मला त्या पांढऱ्या भिंतीकडे पाहिलं की वाटे, ही आता ओली होईल, फुगेल आणि घर फोडून बाहेर येईल. कापूस घर फोडतो हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. घर लाकडाचं होतं आणि समुद्राच्या वाळूत कलंडलेलं होतं, एवढाच फरक.

माझे बाबा नांदुऱ्याला एका जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, मुकादम होते. तेव्हा आमचा वऱ्हाड मध्यप्रांताच्या गळ्यात बांधलेला होता. साहेब नागपुरात बसत, कापूस मात्र आमचा. दिवाळी झाली, की वडनेरपासून, पार तिकडच्या खेड्यांपासून गाड्यांच्या रांगा नांदुऱ्याच्या रस्त्याला लागत. जिनाच्या पटांगणात गाडी उभी राहिली, की बाबा खांद्यापर्यंत हात कापसात घालत, तळातून मूठभर काढत आणि त्यातली एक सरकी दाताखाली धरत. कट्ट वाजली तर वाळलेला. नाही वाजली तर गाडी बाजूला, पटांगणात पसरा, वाळवा, मग या. शेतकरी पाया पडे, दलाल डोळे वटारे. बाबा पुढच्या गाडीकडे गेलेले असत. त्यांच्या बोलण्यात 'बहुतेक' हा शब्द नव्हता. वाळला किंवा नाही वाळला. शेठसुद्धा दुसऱ्यांदा विचारत नसे.

त्या एका शब्दाचा मान आमच्या घराला होता. विहिरीवर मायला बाया पुढं जाऊ देत. "मुकादमीन, तुम्ही घ्या अगुदर." माय घागर भरून घेई आणि मान खाली घालून परत येई. तिला तो मान जड जाई असं मला आता वाटतं. तेव्हा मला फक्त एवढं कळे, की माझा बाप सांगतो तसा कापूस होतो.

त्या वर्षी दिवाळीनंतर बातमी आली, की आमच्या जिनाच्या गाठी बंदरात चढवून कोकणच्या किनाऱ्यानं खाली कुठल्याशा गिरणीकडे निघालेलं गलबत वाळूत रुतून फुटलं. गाठी म्हणजे सरकी काढून दाबलेली रुई, वर गोणपाट, भोवती लोखंडी पट्ट्या. शेठनी बाबांना पेढीवर बोलावलं. मी बाबांच्या धोतराला धरून उभा होतो.

"मुकादम, भिजलेल्या गाठी वाळतील का?"

"ऊन हाये ना तिथं?"

"ऊन तर आहे."

"मंग वाळतील."

शेठनी वही मिटली. "तिकडच्या माणसांचा मला भरवसा नाही. तुम्ही आपली माणसं घेऊन जा. पण नाही वाळला तर?"

"तं माझ्या शब्दावर पुन्हा गाडी घेऊ नका," बाबा म्हणाले.

बस, एवढंच बोलणं झालं. त्यावर आमच्या मोहल्ल्यातली माणसं गाठोडी बांधून निघाली. बाया रुई पिंजायला, माणसं गाठी ओढायला. आमच्यासोबत दगडूकाका होता, बाबांचा लहानपणचा सोबती, त्याच्या तोंडाला कधी कुलूप नसे. मायनं ज्वारीचं पीठ घेतलं, ठेचा घेतला, आणि मला घरी ठेवायला कोणी नव्हतं म्हणून मलाही घेतलं. आगगाडी झाली, मग आगबोट झाली. आगबोटीत सगळे ओकले. दगडूकाका ओकता ओकता म्हणे, "मुकादम, ही जमीन काऊन हालून राह्यली बे? इले कोणी दाबून धरा ना." बाबा ओकले नाहीत. दात आवळून, कठड्याला पाठ लावून बसून होते.

आता गलबताचं सांगतो. खाडीच्या तोंडाशी, वाळूच्या पट्ट्यावर ते एका कुशीवर पडलेलं होतं. मी तोवर जहाज पाहिलं नव्हतं, त्यामुळे ते कसं असायला हवं ते मला ठाऊक नव्हतं. मला ते बोंड वाटलं. अगदी आपल्या वावरातलं, उलून आलेलं. फळ्या चारी बाजूंनी बाहेर उघडलेल्या, काळ्या, आणि त्यांच्या मधून पांढरा कापूस फुगून आलेला. लोखंडी पट्ट्या तुटून गंजून लोंबत होत्या. वर पांढरे पक्षी बसलेले, तेही कापसाचेच वाटावेत असे. मी मायला म्हटलं, "माय, एवढं मोठं बोंड कोण वेचन?" तिनं माझा हात जरा जोरात धरला.

ओहोटीला चालत आत जाता येई. पहिल्यांदा गेलो तेव्हा गलबताच्या पोटात अंधार होता, आणि फटींतून उन्हाच्या काड्या आत आल्या होत्या. वर, खाली, बाजूला कापूस. आमच्या मधल्या खोलीसारखाच. पण इथं तो टपटप गळत होता. वास कुजकट, ओल्या गोधडीसारखा. आवाज इथंही मरत होता, फक्त पायाखालून समुद्राचा एक घुमारा येत राही, जसा कोणी जमिनीखाली जातं ओढत आहे.

गलबताचा तांडेल रोज तिथं वाळूवर येऊन बसे. तांडेल म्हणजे गलबत चालवणारा. हाडकुळा, पांढरी दाढी, डोळे नेहमी बारीक केलेले. त्याची बोली आम्हाला अर्धी कळे. ती मला तशी लिहिता येणार नाही, मतलब लिहितो. तो सांगे, की वाळूला घासून तळाला भोक पडलं ते मुठीएवढं. असं भोक तो चिंध्या कोंबून बुजवतो आणि पुढं जातो. पण भोक गाठींच्या खाली. हात पोचेना. आणि कापूस पाणी पीत राहिला. आधी फळ्या कुरकुरल्या. मग खिळे सुटू लागले, एकेक, आतून कोणी उखडावेत तसे. "वादळात माझं गलबत फुटलं असतं तर मी तोंड दाखवलं असतं," तो बाबांना म्हणाला. "कापसानं फोडलं, हे कोणाला सांगू? तुमच्या गाठीच ढिल्या होत्या."

"माझ्या गाठीले पाण्यात पोहाले कोणी सांगतलं होतं?" बाबा म्हणाले. "तुमच्या लाकडाले भोक पडलं, अन् नाव माझ्या कापसाचं."

"लाकडाला भोक पडतं. लाकूड आहे ते."

"अन् कापूस पाणी पेतो. कापूस हाये तो."

दगडूकाका मधेच म्हणाला, "दोघं मिळून समुद्रावर दावा लावा." कोणी हसलं नाही.

काम सुरू झालं. ओहोटीला माणसं आत शिरून गाठी ओढून काढत. बाया त्या फोडत, बोटांनी रुई मोकळी करत आणि शिडाच्या कापडावर, खडकांवर, कोळ्यांनी दिलेल्या जाळ्यांवर पसरत. दुपारपर्यंत किनारा पांढरा होई. लांबून पाहिलं तर आमचंच जिनाचं पटांगण. ऊन चांगलं कडक होतं. बाबा सगळ्यांमधून फिरत, उलथायला सांगत, मुठीत दाबून पाहत. इथं सरकी नव्हती, दाताखाली धरायला काही नव्हतं, हे माझ्या तेव्हाच ध्यानात आलं होतं की पुढं मोठेपणी आलं, ते मला आता सांगता येत नाही. दुपारी रुई हाताला कोरडी लागे. संध्याकाळी ढीग करून शिडाखाली झाकत. सकाळी शिड काढलं, की रुई गार आणि ओली.

"दव पडलं," बाबा म्हणाले.

पुन्हा पसरली. पुन्हा वाळली. दुहेरी शिड घातलं, खाली पेंढा घातला. सकाळी ओली.

"झाकणं बरोबर नव्हतं," बाबा म्हणाले, आणि ज्यानं झाकलं होतं त्याच्यावर ओरडले.

मग आम्हाला राहायला दिलेल्या झोपड्यांत आणली. कोणी आपल्या अंथरुणाखाली घेतली. सकाळी अंथरूणही ओलं. आमच्याकडे थंडीचा वारा सुटला की पापड कडक होतो, ओठ फुटतात, बैलांची कातडी तडकते. बाबा त्या वाऱ्याची वाट पाहत. "पौषाचा वारा सुटू द्या," म्हणत. तिथं पौषातही वारा दमटच. मिठानं बायांची बोटं चिरली. माय भाकर थापताना मधेच हात वर धरून थांबे, परातीत पीठ तांबूस होई. रोज तेच पांढरं रान पसरायचं, तेच गोळा करायचं.

एक दिवस सकाळी ओल्या ढिगापुढं सगळे नुसते उभे होते, तेव्हा दगडूकाका म्हणाला, "मुकादम, आपण कापूस वाळवून राह्यलो का समुद्र वाळवून राह्यलो? तं तसं सांगा. मी दुसऱ्या बाजूनं सुरू करतो."

माणसं हसली. बाबांच्या माणसांनी बाबांसमोर हसायची ती पहिली वेळ. बाबा वळले आणि पाण्याच्या कडेनं चालू लागले. दगडूकाकाचा चेहरा पडला. "म्या काय वाईट बोललो?" तो मायला म्हणाला. "मस्करी केली वहिनी."

"मस्करी कराचा दिवस पाहत जा भाऊजी," माय म्हणाली.

नंतर शाळेत गुरुजींनी भिंतीवर नकाशा लावला होता, मध्यप्रांत व वऱ्हाडचा. त्यात समुद्र नव्हता. चारी बाजूंनी जमीनच जमीन, दुसऱ्यांची. गुरुजींनी विचारलं, समुद्र म्हणजे काय, सांगा. मी उभा राहिलो. म्हटलं, जिथं कापूस वाळत नाही ते. वर्ग हसला आणि गुरुजींनी छडी मारली. मी माझं उत्तर बदललं नाही. शाळा सुटायचं ते एक कारण. दुसरं कारण खरं होतं, ते गरिबीचं, पण मला हे जास्त आवडतं.

तर त्या मस्करीच्या दिवशीच मायनं एक काम केलं. शेजारच्या कोळ्यांच्या वाडीत गोड पाण्याची एकच विहीर होती. वाडीतल्या म्हातारीनं पहिल्याच दिवशी सांगितलेलं, पिण्यापुरतं न्या, आंघोळीला खाडी आहे. मायनं आपल्या वाटणीचं पाणी लोट्यात राखलं, त्यात रुईचं एक पुंजकं धुतलं, पिळलं आणि झोपडीच्या कुडाला अडकवलं. त्या दिवशी ती पाण्यावाचून जेवली. मी पाहत होतो, म्हणून माहीत. कोणाला बोलली नाही.

सकाळी बाबा ढिगाकडे निघाले तेव्हा ती त्यांच्या आडवी उभी राहिली आणि दोन्ही तळवे पुढं केले. एकात ढिगातलं पुंजकं, एकात कुडावरचं. बाबांनी दोन्ही दाबून पाहिली, कुडावरचं कोरडं होतं. मग एक जिभेवर ठेवलं, मग दुसरं. बराच वेळ ते तसेच उभे राहिले, तोंडात कापूस धरून.

"मीठ हाये," ते म्हणाले. "मीठच पाणी ओढून राह्यलं."

"हाव," माय मान हलवून म्हणाली.

"धुवा लागन. सगळा."

मायनं विहिरीच्या दिशेनं पाहिलं. मग गलबताकडे. एवढा कापूस धुवायला त्या विहिरीच्या तळाचे दगड उघडे पडले असते आणि वाडी तहानेनं मेली असती. तिला ते कळत होतं, बाबांनाही कळत होतं. ती एवढंच म्हणाली, "तुम्ही बसा जरा. चहा करते." चहाला पाणी नव्हतं.

तांडेलाला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असणार. समुद्रात धुतलेला कपडा वाळत नाही, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. मग त्यानं सांगितलं का नाही? मी पुष्कळ विचार केला आहे. सूड म्हणावा तर तो रोज आमच्यातच येऊन बसे, बाबांना विडी देई. मला वाटतं, त्याला सांगण्यासारखं काही वाटलंच नसेल. आपणही परक्याला सांगत नाही, की दव उडाल्याशिवाय कापूस वेचू नको. त्याला ते माहीत असणारच, असं धरून चालतो.

बाबांनी माणसांना सांगितलं. लपवलं नाही. आता परतायचं, एवढंच राहिलं होतं. पण शेठचे दिवाणजी पाहणीला यायचे होते, त्यांची वाट पाहायची होती. आणि रिकामं बसवत नाही म्हणून बाया रोज सकाळी रुई पसरत राहिल्या. न वाळणारी, हे माहीत असलेली रुई पसरताना मायचे हात कसे चालत, ते मला अजून दिसतं. घाई नाही, आळस नाही. जसं देवाला फूल वाहतात, पण देव नाही.

दिवाणजी आले ते भर दुपारी. छत्री, काळी टोपी, पायांत वाळू शिरू नये म्हणून मोजे. चांगला माणूस होता. उगाच कोणाचं वाईट कशाला लिहू? त्यांनी रुई हातात घेतली, दाबली, नाकाशी नेली.

"मुकादम, हा तर वाळला."

"नाही वाळला."

"माझ्या हाताला कोरडा लागतो."

"दुपार हाये म्हणून. सकाळी या."

दिवाणजी हसले. मग त्यांनी छत्री मिटली आणि आवाज खाली आणला, पण वारा आमच्याकडे होता, सगळं ऐकू आलं. "हे पाहा, मी दुपारी आलो, दुपारी पाहिला. आत्ता गोणीत भरून टाका. पुढं काय होतं ते गिरणी पाहील. शेठला मी सांगतो, मुकादमानं शब्द राखला. तुम्ही फक्त हो म्हणा."

दगडूकाका ताडकन उठला. "हो म्हणा मुकादम. दुपारी तं वाळलाच हाये ना. खोटं काय त्यात? लोक घरदार सोडून आलेत तुमच्यासाठी."

बाबांनी मायकडे पाहिलं. ती खाली पाहत होती. माझी खात्री आहे, तिनं त्या वेळी मान हलवली असती, हो म्हणून किंवा नाही म्हणून, तर बाबांनी ऐकलं असतं. ती हलली नाही. समोर ऊन तळपत होतं. सगळी रुई पांढरी फुलासारखी फुललेली, एखाद्या आंधळ्यानंही वाळली म्हटलं असतं.

"नाही वाळला," बाबा म्हणाले. "शेठले तसंच सांगा."

परवा-परवापर्यंत मला या गोष्टीचा फक्त अभिमान होता. चार वर्षांमागं सरकारच्या कापूस संकलन केंद्रावर आमची गाडी गेली. ग्रेडर एक हात खिशात ठेवून दुसऱ्या हाताची दोन बोटं वरच्या कापसात फिरवतो आणि म्हणतो, ओला आहे बाबा, दुसऱ्या ग्रेडमध्ये टाकतो. मी म्हटलं, "खांद्यापर्यंत हात घाल, मंग बोल." तो म्हणाला, शर्ट खराब होईल. मी गाडी फिरवली. कापूस वाळलेलाच होता, हे मी आजही सांगतो. पण त्या रात्री सून जेवायला वाढताना मायसारखीच खाली पाहत होती, आणि मला पहिल्यांदा वाटलं, की अशा माणसांच्या घरात बाया कुठं पाहत असतील.

दिवाणजी गेले आणि अवस आली. तिकडे अवसेची मोठी भरती भर दुपारी येते. तांडेलानं सांगितलं होतं, आज पसरू नका. पण सवय. रुई पसरलेली होती, वर स्वच्छ ऊन, आणि पाणी नेहमीच्या रेषेशी थांबलंच नाही. त्यात वारा. ते आरडाओरड करत नाही आलं. पसरलेल्या रुईच्या कडेखाली शिरलं, कड उचलली, पुढची कड उचलली. बाया धावल्या. बाबा ओरडले, "राहू द्या. वर या." थोड्या वेळानं खाडीभर कापूस तरंगत होता, आणि त्यातून गलबताचा वरचा भाग एकदा हलला, फळ्या एकेक सुटत गेल्या, आणि मग तिथं पाणीच होतं.

तांडेल उभा राहिला. त्यानं डोक्याचा रुमाल काढून हातात घेतला. बाबा त्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले. कोणाच्या गाठी ढिल्या, कोणाच्या लाकडाला भोक, हे दोघांपैकी कोणी काढलं नाही. पाणी उतरेपर्यंत ते तसे उभे होते. मग तांडेल म्हणाला, "माझ्या बापाचं होतं." बाबा म्हणाले, "हाव." त्या दोघांत मी ऐकलेलं हे शेवटचं बोलणं.

परतीच्या प्रवासाचं मला काही आठवत नाही. नांदुऱ्याला उतरलो तेव्हा स्टेशनाबाहेर गाड्यांची रांग होती, वर भरलेला कापूस, आणि धुळीसोबत कोरडी थंडी. मी ओठ चाटले. फुटलेले होते. मला एवढं बरं वाटलं, की मी रडलो. दगडूकाकानं मला खांद्यावर घेतलं. तो वाटभर एक शब्द बोलला नाही. पुढंही तो बाबांशी मस्करी करत नसे. भेटला की रामराम करी, जसा परक्याला करतात.

बाबा शेठकडे जाऊन आले. काय बोलणं झालं ते घरी सांगितलं नाही. तो हंगाम तसाच गेला.

पुढच्या दिवाळीनंतर जिनाचा भोंगा वाजला आणि दिवाणजी स्वतः आमच्या दारी आले. बाबा अंगणात बसून कासरा वळत होते.

"मुकादम, चला. शेठनं बोलावलं आहे. पटांगणात गाड्या खोळंबल्या आहेत."

"माझ्या शब्दावर गाडी घेऊ नका, असं मी शेठले बोलून चुकलो."

"ते आता कोणाच्या ध्यानात आहे? कोणी काही म्हणत नाही तुम्हाला."

"कोणी म्हणत नाही म्हणूनच येत नाही," बाबा म्हणाले, आणि कासऱ्याला पीळ देत राहिले. दिवाणजींनी मायकडे पाहिलं. तिनं त्यांना पाणी दिलं. ते प्याले, तांब्या पालथा घातला आणि गेले.

त्या हंगामात माय जिनात जाऊ लागली. इतर बायांबरोबर, रोजानं, दुसऱ्या मुकादमाच्या हाताखाली. विहिरीवर तिला कोणी पुढं जाऊ देत नसे, आणि खरं सांगतो, तिची मान मला पहिल्यापेक्षा वर दिसे. पुढं तिला जिनाचा खोकला लागला तो गेला नाही, पण ते नंतरचं.

संध्याकाळी ती परत येई तेव्हा तिच्या केसांत, भुवयांवर, लुगड्यावर रुई बसलेली असे. एका दिवसात म्हातारी होऊन आल्यासारखी. बाबा तिला अंगणातच उभी करत आणि तिच्या अंगावरचा कापूस एकेक करून काढत. ती डोळे मिटून उभी राही. काढलेलं पुंजकं ते बोटांत चोळत, जरा थांबत.

"जिनात ओला घेऊन राह्यले," ते म्हणत. माझ्याकडे पाहून नाही, तिच्याकडे पाहून नाही.

"मंग जाऊन सांगा ना," माय म्हणे. डोळे मिटलेलेच.

बाबा तिच्या खांद्यावरचं शेवटचं पुंजकं काढत आणि गोठ्याकडे जात. माय हातपाय धुऊन चुलीपुढं बसे. एरवी बाबा बैलांशी बोलत, घरात ऐकू येईल एवढं. त्या वर्षी गोठ्यातून नुसता कडब्याचा आवाज येई.